सागाची जडी: निवड, लागवड आणि पहिल्या दहा वर्षांतील छाटणी

साग लावू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यासमोर आज साधारण तीन पर्याय असतात: पिशवीतील रोप, टिश्यू कल्चरचे रोप आणि जडी. गादीवाफ्यावर सुमारे वर्षभर वाढवलेले रोप मातीविना उपटायचे, त्याचे खोड दोन-तीन सेंटिमीटर आणि सोटमूळ वीतभर ठेवून बाकी सर्व छाटून टाकायचे, म्हणजे जो काडीसारखा तुकडा उरतो ती जडी. वन खात्याच्या कागदपत्रांत तिलाच स्टंप म्हणतात. पाने नाहीत, तंतुमुळे नाहीत, माती नाही, अशा या तुकड्यातून झाड कसे होईल अशी शंका पहिल्यांदा पाहणाऱ्याला येते. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंतच्या सागाच्या लागवडींमध्ये ही पद्धत दीर्घकाळ वापरली गेली आहे, आणि नीट लावलेली जडी पिशवीतील रोपापेक्षा कमी पडत नाही.

याचे कारण सागाच्या मुळात आहे. सागाचे रोप पहिल्या वर्षी आपल्या जाड सोटमुळात पिष्टमय अन्नाचा मोठा साठा करते, आणि खोड व मूळ जिथे मिळतात त्या सांध्याजवळ त्याचे सुप्त डोळे असतात. वरचे खोड कापले की हे डोळे फुटतात आणि साठवलेल्या अन्नावर नवी पालवी व नवी मुळे तयार होतात. पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी वेटोळे घालते आणि ते वेटोळे पुढे कायमचे राहते. जडीचे मूळ सरळ छाटलेले असल्यामुळे नवी मुळे थेट जमिनीत उतरतात. वाहतुकीचाही प्रश्न सुटतो. एका गोणपाटात शेकडो जड्या मावतात, तर तेवढी पिशवीतील रोपे नेण्यास टेम्पो लागतो.

मात्र हा अन्नसाठा मर्यादित असतो, आणि पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक काळजी त्याच एका गोष्टीशी जोडलेली आहे. साठा संपण्याच्या आत नव्या मुळांनी ओल गाठली पाहिजे.

जमिनीची निवड

साग पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत वाढतो. खोल पोयट्याची, नदीकाठची किंवा डोंगरउताराची जमीन त्याला मानवते. साधारण साडेसहा ते साडेसात सामू (पीएच) असलेल्या आणि चुन्याचे प्रमाण बरे असलेल्या जमिनीत त्याची वाढ चांगली होते. पाणी साचणारी भारी काळी जमीन मात्र टाळावी. पावसाळ्यात अशा जमिनीत मुळे गुदमरतात आणि उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगा कोवळी मुळे तोडतात. शेत काळ्या जमिनीचेच असेल, तर सलग लागवडीचा हट्ट न धरता बांधावर किंवा उंच वरंब्यावर साग लावावा. मुरमाड, उथळ जमिनीत झाड जगते, पण खाली कातळ लागला की त्याची उंची खुंटते, आणि सागात पैसा सरळ, लांब बुंध्याला मिळत असल्यामुळे अशा झाडाचे मोल फारसे होत नाही.

दुसरी अट उन्हाची आहे. सागाला सावली सहन होत नाही. मोठ्या आंब्याच्या, चिंचेच्या किंवा कडुनिंबाच्या पसाऱ्याखाली लावलेली जडी फुटते, बारीक उंच वाढते आणि वाकते.

जडी कोठून घ्यावी, कशी ओळखावी

वन विभागाच्या, सामाजिक वनीकरणाच्या आणि वन विकास महामंडळाच्या रोपवाटिकांतून जड्या मिळू शकतात. मागणी मात्र उन्हाळ्यातच नोंदवलेली बरी. स्वतः तयार करायच्या असतील, तर त्याची सुरुवात वर्षभर आधी करावी लागते. सागाचे फळ कठीण कवचाचे असते आणि ते तसेच पेरल्यास उगवण अत्यंत विषम होते, म्हणून फळे एक दिवस पाण्यात भिजवणे आणि एक दिवस उन्हात वाळवणे हा क्रम सुमारे दोन आठवडे चालवतात. वर्षभर जुने, ऊनपाऊस खाल्लेले बी ताज्या बियांपेक्षा चांगले उगवते. पेरणी एप्रिल-मेमध्ये उंच गादीवाफ्यावर करावी. रोपवाटिकांत १२ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद वाफा रूढ आहे. उगवणीनंतर रोपे विरळून दोन रोपांत दहा-दहा सेंटिमीटर अंतर ठेवले, तर अशा एका वाफ्यात सुमारे १,४०० रोपे बसतात. ही विरळणी बहुतेक जण जिवावर आल्यासारखी करतात, आणि मग दाटीत वाढलेल्या रोपांच्या जड्या बोरूसारख्या बारीक निघतात. वाफ्यात हुमणीचा, म्हणजे जमिनीतील पांढऱ्या अळीचा, उपद्रव होत असेल तर तो त्याच पावसाळ्यात आटोक्यात आणावा, कारण हुमणी नेमके मूळच खाते.

जडी निवडताना जाडी हा पहिला निकष आहे. सांध्याच्या किंचित खाली मुळाचा व्यास एक ते दोन सेंटिमीटर, म्हणजे करंगळीपासून अंगठ्यापर्यंत असावा. यापेक्षा बारीक जडीत अन्नसाठा अपुरा असतो आणि ती लवकर सुकते. फार जाड जडी पहारीच्या छिद्रात नीट बसत नाही, तिच्याभोवती पोकळी राहते आणि तिचा मोठा काप कुजण्याची शक्यता वाढते. दुसरा निकष ताजेपणाचा. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आतला भाग ओलसर, पांढरट-पिवळा दिसला तर जडी जिवंत आहे. तपकिरी, कोरडा किंवा आंबूस वासाचा असेल तर ती घेऊ नये. तिसरे, मूळ सरळ आणि एकच असावे. दुभंगलेल्या मुळाच्या जड्या स्वस्तात मिळाल्या तरी बाजूला काढाव्यात.

उपटणे आणि छाटणे

लागवडीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी रोपे काढावीत. वाफा आधी भिजवून घ्यावा, रोपाच्या बाजूला कुदळीने खोल खणून माती सैल करावी आणि मगच रोप उचलावे. हिसका देऊन ओढल्यास मुळाची साल सोलली जाते, आणि सोललेल्या जागेतून बुरशी शिरते.

छाटणीसाठी धारदार सुरी किंवा कोयता आणि लाकडी ठोकळा लागतो. ठोकळ्यावर रोप आडवे ठेवून खोड सांध्याच्या वर दोन ते तीन सेंटिमीटरवर एका घावात तोडावे. त्या तुकड्यावर डोळ्यांची किमान एक जोडी राहिली पाहिजे. मग सोटमूळ १५ ते २० सेंटिमीटर लांबीवर तिरके कापावे. तिरका काप खाली गेला की जडी छिद्रात सहज उतरते, आणि घाईच्या वेळी कोणते टोक वर हेही लगेच कळते. ही गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण उलटी लावलेली जडी मजुरांच्या मोठ्या टोळीत अधूनमधून सापडतेच. बाजूची तंतुमुळे सालीला इजा न करता जवळून छाटावीत. ती ठेवली तर छिद्रात दुमडतात आणि कुजतात. धार बोथट झाली की काप चिरडतो आणि टोक चिरते, म्हणून दगडावर मधूनमधून धार लावत राहावे. चिरलेली जडी पुन्हा थोडी मागून कापता येते, पण मूळ फार आखूड होणार असेल तर ती टाकून द्यावी.

छाटलेल्या जड्यांवर ऊन आणि वारा लागू देऊ नये. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवल्यास त्या दोन-तीन दिवस सहज टिकतात. पाऊस लांबला आणि जास्त दिवस ठेवाव्या लागल्या, तर सावलीतील खड्ड्यात कोरड्या वाळूचा एक थर, जड्यांचा एक थर अशी रचना करावी आणि वर पालापाचोळा व छत ठेवावे. वाळू ओली केली तर जड्या खड्ड्यातच फुटतात आणि अन्नसाठा तिथेच खर्च होतो. बादलीत पाण्यात बुडवून ठेवण्याची सवयही सोडावी.

खड्डा की पहार?

मऊ, खोल जमिनीत खड्डा करण्याची गरज नसते. पहारीने केलेले छिद्र पुरते, आणि दोन मजुरांची एक जोडी दिवसभरात कित्येक शे जड्या लावू शकते. कठीण मुरमाड जमिनीत मात्र एप्रिल-मेमध्ये ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्यावेत. नंतर वरची माती व कुजलेले शेणखत मिसळून ते भरावेत; वाळवीचा त्रास असलेल्या ठिकाणी निंबोळी पेंड मिसळावी आणि कच्चे शेणखत कटाक्षाने टाळावे. भरलेल्या खड्ड्यातील माती एक-दोन पावसांनी बसल्यानंतरच त्यात पहारीने छिद्र करून जडी लावावी. भुसभुशीत, न बसलेल्या खड्ड्यात लावलेली जडी मातीबरोबर खाली जाते आणि तिचे डोळे गाडले जातात.

अंतराबाबत सलग लागवडीत दोन बाय दोन मीटर हे जुने माप आहे, म्हणजे हेक्टरी २,५०० आणि एकरी सुमारे १,००० जड्या. दाट लावल्याने झाडे एकमेकांच्या स्पर्धेत सरळ वाढतात आणि खालच्या फांद्या आपोआप कमी होतात, पण मग विरळणी करण्याची तयारी हवी. ज्यांना ती करायची नाही किंवा आंतरपीक जास्त वर्षे घ्यायचे आहे, त्यांनी तीन बाय तीन मीटर ठेवावे. तेव्हा हेक्टरी १,१११ झाडे बसतात. ठरावीक वर्षांत ठरावीक लाखांचे आकडे दाखवणाऱ्या पत्रकांवरून अंतर ठरवू नये. १९९० च्या दशकात सागाच्या नावावर गुंतवणूकदारांकडून पैसे गोळा करणाऱ्या कितीतरी योजना बुडाल्या, आणि भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र नियम करावे लागले. साग वाढायला जो वेळ लागतो तो लागतोच.

लावण्याची वेळ

मृगाचा पहिला पाऊस पडला की लागवडीची घाई सुरू होते, आणि बऱ्याच जड्या त्या घाईतच जातात. पहिल्या सरीने वरची चार बोटे माती भिजते. जडीचे टोक मात्र वीतभर खाली असते. त्या ओलीवर आणि उष्णतेवर डोळे फुटतात, दोन-तीन आठवड्यांत हिरवी पालवी दिसते आणि लावणारा निश्चिंत होतो. पण ही पालवी मुळातील साठ्यावर आलेली असते, आणि खाली नवी मुळे पुरेशी झालेली असतीलच असे नाही. त्याच सुमारास पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की पाने बाष्प सोडत राहतात, साठा संपतो आणि कोवळा कोंब काळा पडतो. म्हणून जमीन किमान वीतभर खोल ओली झाल्यावर, वापसा आल्यावर (जादा पाणी निचरून माती काम करण्याजोगी झाल्यावर) आणि पाऊस स्थिरावल्याची लक्षणे दिसल्यावरच लावावे. विदर्भात ही वेळ सामान्यतः जूनच्या उत्तरार्धात, आर्द्रा नक्षत्राच्या सुमारास येते. कोकणात ती आठवडाभर आधी येऊ शकते. पहारीने एक छिद्र करून आतील माती हातात घेऊन पाहिली की अंदाज येतो. फार उशीर करणेही तितकेच वाईट, कारण जुलै संपल्यानंतर लावलेल्या जडीला हिवाळ्यापूर्वी मुळे पसरवण्यास पुरेसा अवधी मिळत नाही.

प्रत्यक्ष लागवड

पहार सरळ खाली मारून ती गोल फिरवावी आणि जडीच्या लांबीइतकेच खोल छिद्र करावे. छिद्र जास्त खोल झाल्यास जडीच्या टोकाखाली पोकळी राहते, त्या पोकळीत पाणी साचते किंवा हवा राहते आणि दोन्हींमुळे टोक कुजते अथवा सुकते. तिरका काप खाली करून जडी अशा बेताने उतरवावी की खोड-मुळाचा सांधा जमिनीच्या पातळीला येईल आणि खोडाचा छोटा तुकडा वर दिसत राहील. सांधा जमिनीच्या वर राहिला तर मुळाचा उघडा भाग सुकतो. खोल गाडला तर कोंबाला मातीतून वर यावे लागते, आणि उताराच्या शेतात वाहून येणारी माती त्यात भर घालते.

यानंतरची दाबणी हाच लागवडीचा गाभा आहे. जडीपासून चार बोटांवर पहार पुन्हा तिरकी मारावी, आधी दांडा अशा दिशेने ढकलावा की खालची माती जडीच्या टोकाकडे दाबली जाईल, मग उलट दिशेने ढकलून वरची माती दाबावी. दुसरे छिद्र टाचेने बंद करावे आणि जडीच्या भोवती पायाने घट्ट दाबावे. शेवटी दोन बोटांनी जडी हलकेच वर ओढून पाहावी. ती सरकली तर मूळ आणि माती यांत संपर्क नाही, आणि ती जडी पुन्हा दाबावी लागेल. मजुरीने लागवड करून घेताना मालकाने स्वतः ओळींतून फिरून दर दहा-वीस जड्यांमागे एक अशी ओढून पाहावी. असे कोणी तपासते आहे हे कळल्यावर पुढच्या ओळी आपोआप बऱ्या लागतात.

लागवडीनंतर महिन्याभराने न फुटलेल्या जड्या मोजाव्यात आणि चालू पावसाळ्यातच नांगे, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा, भरावेत. त्यासाठी सुरुवातीलाच शेकडा दहा-पंधरा जड्या वाफ्याच्या कोपऱ्यात लावून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी भरलेला नांगा शेजारच्या झाडांच्या सावलीत अडकतो आणि सहसा मागेच राहतो.

पहिली छाटणी: एकच कोंब ठेवणे

जडीला बहुधा दोन ते चार कोंब येतात. ते वीत-दीड वीत उंच झाले की त्यांतील सर्वांत जोमदार, सरळ आणि जमिनीलगत फुटलेला एक ठेवून बाकीचे धारदार चाकूने मुळाशी काढून टाकावेत. हाताने ओरबाडल्यास जडीची साल फाटते. ही निवड पुढे ढकलू नये. दोन कोंब पावसाळाभर वाढले तर साठा वाटला जातो, आणि नंतर एक काढल्यावर उरलेला बाजूला कललेला राहतो. सप्टेंबरमध्ये पुन्हा एक फेरी मारून नव्याने आलेले फुटवे काढावेत.

पहिल्या वर्षी तीन, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी एक खुरपणी हा वन खात्यातील जुना प्रघात शेतातही उपयोगी आहे. गवत उंचीने कोंबाच्या वर गेले की सागाला सावली होते आणि वाढ थांबते. आंतरपीक घ्यायचे असेल तर मूग, उडीद किंवा सोयाबीनसारखे बुटके पीक दोन-तीन फूट अंतर सोडून घ्यावे. ज्वारी आणि तूर जडीच्या लगत नकोत. हिवाळा संपताना पाने गळतात तेव्हा झाड मेले असे समजून उपटण्याचे कारण नाही. साग पानझडीच आहे. पाण्याची सोय असल्यास पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यावे, आणि शेताच्या कडेने गवत काढून जाळरेषा ठेवावी. वणवा कोवळ्या सागाला सहसा मुळासकट मारत नाही, पण वर्षभराची वाढ जमिनीपर्यंत जाळतो.

वर्षभरानंतर काही रोपे वाकडी, दुभंगलेली किंवा शेंडा मेलेली दिसतील. त्यांना काठ्या बांधून सरळ करण्यापेक्षा दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर, मेअखेरीस, जमिनीलगत तिरक्या कापाने तोडून टाकावे. आता मूळ जमिनीत पक्के असते, त्यामुळे नवा कोंब पहिल्यापेक्षा जोमाने आणि बहुधा सरळ येतो. त्यातही पुन्हा एकच ठेवावा. वर्षाची वाढ तोडताना हात आखडतो हे खरे, परंतु वाकडा बुंधा वीस वर्षांनीही वाकडाच राहतो.

उंचीची छाटणी

सागाचा बुंधा जितका गाठरहित, तितका त्याला भाव चांगला. बाजूची फांदी वाळून बुंध्यातच राहिली की लाकडात सुटी गाठ तयार होते, आणि फळी कापल्यावर ती गळून भोक पडते. म्हणून फांदी अंगठ्याएवढी असतानाच काढणे श्रेयस्कर. झाड चार-पाच मीटर उंच झाले की खालचे दोन ते अडीच मीटर साफ करावे. नऊ-दहा मीटरला चार-पाच मीटरपर्यंत आणि बारा मीटरच्या पुढे सुमारे सात मीटरपर्यंत जावे. एका वेळी निम्म्याहून जास्त पर्णसंभार कधीच काढू नये; झाड पानांवर जगते, आणि अति छाटलेला साग बुंध्याला पाणफुटव्यांनी भरून टाकतो.

ही छाटणी पानगळीनंतर आणि नव्या पालवीच्या आधी, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये करावी. भर पावसात केलेल्या कापावर फुटवे जास्त येतात आणि ओल्या जखमेत बुरशी शिरते. उभ्या झाडावर कोयता किंवा कुऱ्हाड चालवू नये; बारीक फांदीला सिकेटर (छाटणीची कात्री) आणि जाड फांदीला करवत वापरावी. फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे फुगीर कडे दिसते. काप त्या कड्याच्या लगत बाहेर घ्यावा, कारण जखम भरून काढणारी साल तिथूनच वाढते. कडे कापून बुंधा सपाट केला तर जखम मोठी होते, आणि खुंट सोडला तर तो वाळून लाकडात रुतून बसतो. जाड फांदी आधी खालून थोडी कापून, मग जरा पुढे वरून तोडून, शेवटी उरलेला तुकडा काढावा, म्हणजे फांदीच्या वजनाने साल सोलली जात नाही. मोठ्या जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावता येते. अंगठ्याएवढ्या कापाला तिची आवश्यकता नाही.

पावसाळ्यात पानांची चाळण झालेली पाहून घाबरू नये. पाने कुरतडणारी आणि पानांची जाळी करणारी अशा दोन अळ्या सागावर नेहमीच्या आहेत. त्यांनी झाड सहसा मरत नाही, परंतु शेंडा खाल्ला गेल्यास दोन शेंडे येतात. तसेच सागाचा फुलोरा शेंड्यावर येत असल्यामुळे लवकर फुललेले झाडही त्या जागी दुभंगते. असा दुभंग हाताच्या आवाक्यात असेपर्यंत कमजोर शेंडा काढून टाकावा.

दोन बाय दोनच्या लागवडीत चार ते सहा वर्षांत फांद्या एकमेकींना भिडतात. तेव्हा कर्णरेषेतील एक ओळ आड काढून झाडे निम्मी करावीत, आणि दहाव्या वर्षाच्या आसपास वाकडी, किडकी, दबलेली झाडे निवडून काढावीत. इथे एक कागदी अडचण आधीच ध्यानात घ्यावी. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडे तोडण्याविषयीच्या अधिनियमाच्या अनुसूचीत साग आहे, त्यामुळे स्वतःच्या शेतातील झाडे तोडण्यासही परवानगी लागते, आणि माल हलवण्यासाठी वाहतूक परवाना वेगळा घ्यावा लागतो. लागवड केल्याच्या वर्षीच सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घेतली आणि जड्यांच्या खरेदीची पावती जपून ठेवली, तर विरळणीच्या वेळी अर्जासोबत तीच कागदपत्रे कामास येतात.